पत्र्याचा लॉस वेगळा, मोटरचा लॉस वेगळा: सिलिकॉन स्टीलचं मॉडेल कसं बांधावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ८ पोलची पर्मनंट मॅग्नेट मोटर, कमाल वेग ६००० आरपीएम, स्टेटरला (मोटरचा स्थिर भाग) एम४००-५०ए ग्रेडचा सिलिकॉन स्टीलचा पत्रा. कॅटलॉगमधला बी-एच कर्व्ह (किती चुंबकीय फील्डला लोखंडात किती फ्लक्स डेन्सिटी येते तो आलेख) आणि ५० हर्ट्झचा लॉस कर्व्ह सॉफ्टवेअरमध्ये घातला. टेस्ट बेंचवर मोजलेला नो-लोड लॉस (भार नसताना वाया जाणारी ऊर्जा) हिशेबाच्या जवळजवळ दुप्पट निघाला. आता जाइल्स-अ‍ॅथर्टनसारखं हिस्टेरेसिस मॉडेल (फील्ड चढताना आणि उतरताना लोखंड वेगवेगळ्या वाटेने जातं, तो लूप काढणारं गणित) वापरावं का, की निकालाला सरळ २ ने गुणून पुढे जावं?

माझं उत्तर आधीच सांगतो. दोन्ही करू नका. २ ने गुणलंत तर आजच्या मोटरचा आकडा जुळेल, पण उद्या दात अरुंद केला, पत्रा बदलला किंवा वेग वाढवला की तो गुणक निरुपयोगी ठरेल. जाइल्स-अ‍ॅथर्टन वापरलंत तर गणित अवघड होईल, पण त्यात जाणारा डेटा तोच ५० हर्ट्झचा राहील. कॅटलॉगमधला प्रत्येक आकडा एका ठरावीक पट्टीवर, ठरावीक परिस्थितीत मोजलेला असतो. ती परिस्थिती कोणती होती आणि तुमच्या मोटरमध्ये ती कुठे कुठे मोडते, हे ओळखून प्रत्येक फरकाचा वेगळा हिशेब ठेवणं, यालाच मी मॉडेलिंग म्हणतो.

ग्रेडच्या नावापासून सुरू करू. एम४००-५०ए मधल्या ४०० चा अर्थ १.५ टेस्ला आणि ५० हर्ट्झला जास्तीत जास्त ४.०० वॉट प्रति किलो. ५० म्हणजे ०.५० मिमी जाडी. शेवटचा ए म्हणजे नॉन-ओरिएंटेड (कण एका दिशेला न लावलेला), मिलमधूनच पूर्ण प्रक्रिया होऊन आलेला पत्रा, ज्याला आपण रोजच्या बोलण्यात सीआरएनजीओ म्हणतो. म्हणजे हमी फक्त एका बिंदूची आहे. शिवाय ती कमाल मर्यादेची हमी आहे, त्यामुळे प्रत्यक्ष कॉइल ३.४ चीही असू शकते आणि ३.९ चीही. ४०० हर्ट्झला हा पत्रा कसा वागेल याबद्दल ग्रेडचं नाव एक अक्षरही बोलत नाही. तुमच्या मोटरची फ्रिक्वेन्सी मात्र तीच आहे: ४ पोल-जोड्या गुणिले सेकंदाला १०० फेरे, म्हणजे ४०० हर्ट्झ.

ही हमी मोजतात एप्स्टीन फ्रेम नावाच्या ठरलेल्या चाचणी-चौकटीवर. ३० मिमी रुंद आणि साधारण ३०० मिमी लांब पट्ट्या चौकोनात, कोपऱ्यांवर एकमेकींवर चढवून रचतात. भोवती ७०० वेढ्यांचं प्रायमरी आणि ७०० वेढ्यांचं सेकंडरी असतं आणि चुंबकीय मार्गाची लांबी ०.९४ मीटर धरायची असं ठरलेलं आहे. नॉन-ओरिएंटेड पत्र्याच्या निम्म्या पट्ट्या रोलिंगच्या दिशेने कापतात, निम्म्या आडव्या. सेकंडरीचं व्होल्टेज साइन वेव्हच राहील याची काळजी घेतात. फॉर्म फॅक्टर (व्होल्टेजचं आरएमएस भागिले सरासरी) १.१११ पासून एक टक्क्याच्या आत असावा लागतो. आता तुमच्या मोटरकडे बघा. तुमचा दात कदाचित ४-५ मिमी रुंद आहे, ३० नाही. फ्लक्स साइन नाही. पत्र्यावर बाहेरून दाब आहे. आणि योकमध्ये (दातांमागच्या कड्यात), दातांच्या मुळाशी फ्लक्स नुसता पुढे-मागे होत नाही, तो फिरतो. एप्स्टीनचा आकडा खोटा नाही, पण तो या चारही गोष्टी वगळून मोजलेला आहे.

आता बी-एच कर्व्ह. इथे सगळ्यात जास्त चुका कर्व्हच्या वरच्या टोकाला होतात. एम४००-५०ए साठी मानकात किमान मूल्यं दिली आहेत: २५०० अँपिअर/मीटरला १.५३ टेस्ला, ५००० ला १.६३ आणि १०००० ला १.७३. बरेच कॅटलॉग इथेच थांबतात. ओव्हरलोडवर दात २ टेस्लाच्या आसपास जातो, म्हणजे कर्व्ह पुढे वाढवावाच लागतो. शेवटच्या दोन बिंदूंतून सरळ रेष ओढली तर ५०००० अँपिअर/मीटरला २.५३ टेस्ला येतो. असा पत्रा जगात नाही. या ग्रेडचं सॅच्युरेशन २.० ते २.१ टेस्लाच्या दरम्यान असतं, त्यात हवेचा वाटा धरला तरी ५०००० ला साधारण २.१६ च्या पुढे जाता येत नाही. उलट १०००० नंतर लगेच उतार हवेइतका धरला तर त्याच जागी फक्त १.७८ येतो, आणि मोटरचा पीक टॉर्क हिशेबात विनाकारण कमी दिसतो. कारण ५००० ते १०००० च्या दरम्यान कर्व्हचा उतार हवेच्या पर्मिएबिलिटीच्या (फ्लक्स वाहू देण्याच्या क्षमतेच्या) १६ पट आहे. तो एका उडीत १ पट होत नाही. सॅच्युरेशनची पातळी पत्र्यातल्या सिलिकॉनवरून बाहेरून ठरवा आणि उतार हळूहळू, न तुटता, हवेच्या उतारापर्यंत आणा. कर्व्ह घातल्यावर त्याचा डेरिव्हेटिव्ह वेगळा काढून बघायची सवय लावा. गुडघ्याच्या (कर्व्ह वळतो त्या जागेच्या) पुढे तो सतत उतरता हवा आणि हवेच्या मूल्याखाली कधीच जाता कामा नये. एक्सेलमधली सहाव्या घाताची बहुपदी बिंदूंवर छान बसते, पण दोन बिंदूंच्या मधे लाटा काढते. मग सॉफ्टवेअरची न्यूटन-रॅफसन ही उत्तर शोधायची पद्धत अडकते आणि दोष मेशला (मॉडेलच्या लहान तुकड्यांच्या जाळीला) दिला जातो. बी-एच कर्व्हसाठीचं ब्राउअरचं घातांकी सूत्र मधल्या पट्ट्यात सोयीचं आहे. वरच्या टोकाला मात्र ते रिलक्टिव्हिटी (पर्मिएबिलिटीचा व्यस्त) हवेपेक्षाही वर नेतं, म्हणून तिथे ते कापून हवेच्या रेषेला जोडावं लागतं.

आणखी एक बारीक गोष्ट. मानकातली ही मूल्यं पोलरायझेशनची (फक्त लोखंडाच्या वाट्याची, हवेचा वाटा वगळून) असतात, फ्लक्स डेन्सिटीची नाहीत. १०००० अँपिअर/मीटरला दोन्हींत जेमतेम ०.०१३ टेस्लाचा फरक आहे, तो सोडून द्या. ५०००० ला मात्र तो ०.०६ होतो आणि तिथे सॉफ्टवेअरला नेमकं काय हवंय ते तपासलंच पाहिजे.

स्टॅकिंग फॅक्टरबद्दलही हेच. पत्र्यांवरच्या इन्सुलेशनमुळे १०० मिमीच्या स्टॅकमध्ये लोखंड ९६ मिमीच असतं. मॉडेलमध्ये हे धरलं नाही, तर लोखंडातली खरी फ्लक्स डेन्सिटी हिशेबापेक्षा ४ टक्क्यांनी जास्त आणि प्रति किलो लॉस सुमारे ८ टक्क्यांनी जास्त असतो. ते सॉफ्टवेअरमध्ये एकदा आणि हाताने कर्व्हमध्ये दुसऱ्यांदा, असं दोनदा धरणारेही मी पाहिले आहेत. स्टॅकच्या आरपार दिशेला तर हा ४ टक्के थरच सगळं ठरवतो: लोखंडाची पर्मिएबिलिटी कितीही असली तरी त्या दिशेची एकत्रित पर्मिएबिलिटी हवेच्या २५ पटीच्या आसपास अडकते.

आता मूळ विषय, लॉस. विद्युत अभियंता स्टाइनमेट्झने १८९२ मध्ये हिस्टेरेसिस लॉस फ्लक्स डेन्सिटीच्या १.६ व्या घाताप्रमाणे वाढतो असं मांडलं. ते त्या काळच्या लोखंडावरच्या मोजमापांतून आलेलं सूत्र होतं. १९०० च्या सुमारास धातुशास्त्रज्ञ हॅडफिल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोखंडात सिलिकॉन मिसळलं आणि चित्र बदललं. शुद्ध लोखंडाची रेझिस्टिव्हिटी १० मायक्रो-ओहम-सेंटिमीटरच्या आसपास. दर टक्का सिलिकॉनमागे ती ११-१२ ने वाढते आणि सॅच्युरेशन साधारण ०.०५ टेस्लाने घटतं. कमी लॉसचा ग्रेड घेतला की वरच्या टोकाला टेस्ला थोडे कमी मिळतात, त्याचं कारण हेच. एम८००-५०ए ला ५००० अँपिअर/मीटरला १.७० टेस्लाची हमी आहे, एम२७०-५०ए ला १.६० ची. महाग पत्रा घेतला की सगळंच सुधारतं असं समजणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

लॉसचे तीन भाग करायची पद्धत बेर्तोत्तीने १९८८ मध्ये भौतिक पायावर बसवली. पहिला हिस्टेरेसिस: डोमेनच्या (एकाच दिशेने चुंबकित झालेल्या सूक्ष्म प्रदेशांच्या) भिंती पत्र्यातल्या दोषांवर अडकतात आणि झटक्याने सुटतात, दर आवर्तनाला ठरावीक ऊर्जा जाते. दुसरा क्लासिकल एडी करंट (बदलत्या फ्लक्समुळे पत्र्यात उठणारे भोवऱ्यासारखे प्रवाह): पत्रा एकजिनसी आहे असं धरून काढलेला. तिसरा एक्सेस: प्रत्यक्षात फ्लक्स एकजिनसी बदलत नाही, हलणाऱ्या भिंतींजवळच बदल एकवटतो, तिथे जास्तीचे स्थानिक प्रवाह उठतात. हा तिसरा भाग फ्रिक्वेन्सीच्या दीड घाताने वाढतो.

या तिघांचे कोएफिशंट काढताना माझा एक आग्रह आहे आणि तो मी सोडत नाही: क्लासिकल भाग कधीही फिट करायचा नाही, तो काढायचा. त्यासाठी जाडी, रेझिस्टिव्हिटी आणि घनता एवढंच लागतं आणि हे तिन्ही माहीत असतं. पायचा वर्ग, जाडीचा वर्ग, फ्लक्स डेन्सिटीचा वर्ग आणि फ्रिक्वेन्सीचा वर्ग यांचा गुणाकार. भागिले ६ गुणिले रेझिस्टिव्हिटी गुणिले घनता. तुमच्या पत्र्यासाठी ०.५ मिमी, ४२ मायक्रो-ओहम-सेंटिमीटर आणि ७७०० किलो/घनमीटर धरा. १.५ टेस्ला, ५० हर्ट्झला उत्तर येतं ०.७२ वॉट/किलो. ४.०० पैकी ०.७२. म्हणजे कॅटलॉगमधल्या त्या एका आकड्यात मोठा वाटा हिस्टेरेसिसचा आहे. तो आकडा बघून निवडलेला पत्रा ४०० हर्ट्झला, जिथे एडी करंटचं राज्य असतं, योग्य असेलच असं नाही. तिन्ही कोएफिशंट सॉफ्टवेअरला मोकळे सोडले की ते बिंदूंवर बसणारं कुठलंही त्रिकूट देतं. कधी एक्सेस ऋण येतो, कधी हिस्टेरेसिस शून्याच्या जवळ. आकडे जुळतात आणि अर्थ हरवतो.

एक उदाहरण हाताने करून दाखवतो. समजा याच पत्र्याची पट्टी १ टेस्लाला मोजली आणि ५० हर्ट्झला १.७१, ४०० हर्ट्झला ३६.२ वॉट/किलो मिळाले. दोन्हींना आपापल्या फ्रिक्वेन्सीने भागा: दर आवर्तनाला ३४.२ आणि ९०.५ मिलिज्यूल/किलो. १ टेस्लाला क्लासिकल भाग ५० हर्ट्झला ६.४ आणि ४०० ला ५०.९ मिलिज्यूल. तो वजा करा: उरले २७.८ आणि ३९.६. हे दोन बिंदू फ्रिक्वेन्सीच्या वर्गमुळावर मांडा. वर्गमुळं आहेत ७.०७ आणि २०. उतार ०.९१ आणि रेष उभ्या अक्षाला छेदते २१.४ वर. झालं. २१.४ हा दर आवर्तनाचा हिस्टेरेसिस, उतार हा एक्सेस. ४०० हर्ट्झला परत वॉटमध्ये आणा: हिस्टेरेसिस ८.६, क्लासिकल २०.४, एक्सेस ७.३. ५० हर्ट्झला हिस्टेरेसिस एकूण लॉसच्या ६० टक्क्यांहून जास्त होता, ४०० ला पाव हिस्साही उरला नाही.

प्रत्यक्षात दोन बिंदूंवर थांबू नका. ५०, १००, २००, ४०० आणि ८०० हर्ट्झला, ०.५ पासून १.५ टेस्लापर्यंत मोजून घ्या आणि प्रत्येक टेस्लाला ही रेष वेगळी काढा. बिंदू रेषेवर बसले तर मॉडेल त्या पट्ट्यात टिकतं. वरच्या फ्रिक्वेन्सीला बिंदू रेषेखाली वाकू लागले की समजायचं, स्किन इफेक्ट (फ्लक्स पत्र्याच्या पृष्ठभागाकडे ढकलला जाणं) सुरू झाला आणि क्लासिकल सूत्र जास्तीचं वजा करतंय. सापेक्ष पर्मिएबिलिटी ५००० धरली तर ४०० हर्ट्झला स्किन डेप्थ ०.२३ मिमीच्या आसपास येते आणि तुमच्या पत्र्याची अर्धी जाडी ०.२५ मिमी आहे. म्हणजे ०.५ चा पत्रा या वेगाला आपल्या मर्यादेवर उभा आहे. याच रेझिस्टिव्हिटीचा पत्रा ०.३५ मध्ये घेतला तर क्लासिकल भाग निम्म्यावर येतो. डाय बदलायचा खर्च आणि प्रेसवर वाढणारे स्ट्रोक मला माहीत आहेत, तरीही ४०० हर्ट्झच्या मोटरला ०.५० मिमी मी सुचवणार नाही.

तुमच्या सॉफ्टवेअरने ५० हर्ट्झचाच कर्व्ह घेऊन फ्रिक्वेन्सीच्या १.३ व्या घाताने वाढवला असेल, जे अनेक ठिकाणी डिफॉल्ट म्हणून केलं जातं, तर वरच्या उदाहरणात ३६.२ ऐवजी २५.५ मिळाले असते. तुमच्या 'दुप्पट' मधला एक मोठा तुकडा इथेच सापडण्याची शक्यता आहे.

दुसरा तुकडा वेव्हफॉर्ममध्ये आहे. मॅग्नेटच्या मोटरमध्ये दातातला फ्लक्स बऱ्याचदा चढून सपाट राहतो आणि मग झपाट्याने उलटतो. समजा अर्ध्या आवर्तनाच्या एक तृतीयांश वेळात तो पूर्ण उलटतो आणि उरलेला वेळ स्थिर असतो. एडी करंट फ्लक्स बदलण्याच्या वेगाच्या वर्गावर चालतो. त्या वर्गाची सरासरी काढली तर पीक तोच असूनही साइनच्या तुलनेत क्लासिकल लॉस २.४ पट होतो. पीक टेस्ला बघून साइनच्या कर्व्हवरून लॉस वाचणारा हिशेब हे पाहूच शकत नाही. म्हणून क्लासिकल आणि एक्सेस टाइम-डोमेनमध्ये काढा: प्रत्येक एलिमेंटमध्ये बदलाच्या वेगाचा वर्ग, त्याची सरासरी, गुणिले जाडीचा वर्ग, भागिले १२ गुणिले रेझिस्टिव्हिटी, म्हणजे दर घनमीटरला वॉट. एक्सेससाठी त्याच वेगाचा दीड घात. हिस्टेरेसिस मात्र पीक आणि छोट्या लूपांवरच ठेवा, वेगाशी त्याचा संबंध नाही. इन्व्हर्टर जोडल्यावर पीडब्ल्यूएमचे (इन्व्हर्टरच्या वेगवान चालू-बंद स्विचिंगचे) छोटे लूप येतात. ते बायस असलेल्या (म्हणजे मुळातच फ्लक्स असलेल्या) जागी बसतात आणि शून्याभोवतीच्या तेवढ्याच लूपपेक्षा जास्त खातात. तुमची नो-लोड चाचणी बाहेरून रोटर फिरवून, टर्मिनल उघडी ठेवून केली असेल तर तूर्त हा भाग बाजूला ठेवा.

फिरत्या फ्लक्सचा लॉस पुढे-मागे होणाऱ्या फ्लक्सपेक्षा वेगळा वागतो हे बेलीने १८९६ मध्येच दाखवलं होतं: आधी जास्त असतो आणि सॅच्युरेशनजवळ चक्क कोसळतो, कारण तिथे भिंतीच उरत नाहीत. व्यवहारात दोन काटकोनातल्या घटकांचा लॉस वेगळा काढून बेरीज करा. मधल्या टेस्लांना ते बऱ्यापैकी चालतं.

आता कापण्याविषयी. माझ्या मते या विषयात सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे, म्हणून इथे जरा थांबतो. प्रेसवर पत्रा कापताना पंच आधी धातू वाकवतो, मग कातरतो, मग उरलेला भाग फाटतो. ताज्या स्टॅम्पिंगची कड भिंगाखाली धरा: वर गोलसर उतरता भाग, त्याखाली चकचकीत पट्टा, त्याखाली खरबरीत फाटलेला पट्टा आणि शेवटी बर (कडेला बाहेर आलेली धार). नख फिरवलं तरी बर लागते. हे दिसतं तेवढंच नुकसान नाही. कडेपासून आत, पत्र्याच्या जाडीइतकं किंवा त्याहून बरंच जास्त अंतर, कणांमध्ये प्लास्टिक विकृती आणि अंतर्गत ताण शिरलेले असतात. तिथे डोमेनच्या भिंती अडकतात. हिस्टेरेसिस वाढतो आणि ०.५ ते १.२ टेस्लाच्या पट्ट्यात पर्मिएबिलिटी चांगलीच पडते. सॅच्युरेशनला सगळे कर्व्ह पुन्हा एकत्र येतात, त्यामुळे पीक टॉर्कवर याचा परिणाम फारसा दिसत नाही आणि दोष लपून राहतो. ३० मिमीच्या एप्स्टीन पट्टीत दोन्ही कडांचा एकेक मिलिमीटर बिघडला तर तो पंधरावा भाग झाला. तुमच्या ४ मिमीच्या दातात तो अर्धा दात आहे.

हे मोजायची पद्धत सोपी आहे आणि कुठल्याही चांगल्या टेस्ट लॅबमध्ये करून घेता येते. ३० मिमीच्या पट्ट्या घ्या. काही तशाच ठेवा, काही लांबीच्या दिशेने मधून कापून १५-१५ च्या करा, काही १०-१० च्या, काही ५-५ च्या. कापताना तुमच्याच प्रेससारखं क्लिअरन्स ठेवा, लेझर नको, त्याचं नुकसान उष्णतेचं आणि वेगळ्या जातीचं असतं. तुकडे शेजारी ठेवून परत ३० मिमी रुंदी करा आणि एप्स्टीनमध्ये मोजा. रुंदी तीच, फक्त कापलेल्या कडांची एकूण लांबी वाढत गेली. लॉस आणि बी-एच कर्व्ह कडांच्या लांबीबरोबर कसे सरकतात, त्यावरून कडेच्या पट्ट्याचा वेगळा मटेरियल कर्व्ह काढता येतो. मग मॉडेलमध्ये दाताच्या आणि योकच्या कडेला एक-दोन थरांचा वेगळा रीजन काढा आणि त्याला हा कर्व्ह द्या. पूर्ण स्टेटरला एकच बिघडलेला कर्व्ह देण्यापेक्षा हे कितीतरी खरं असतं, कारण अरुंद दात केला की मॉडेल आपोआप जास्त शिक्षा देतं. ७५०-८०० अंशांना, ऑक्सिजनविरहित वातावरणात स्ट्रेस रिलीफ अनीलिंग केलं तर यातलं बरंचसं नुकसान भरून निघतं, पण पत्र्यावरचं इन्सुलेशन ते तापमान सोसणारं आहे का हे आधी विचारा. सेंद्रिय कोटिंग जळून जातं.

डाय बोथट होत जाते तशी कड बिघडत जाते. त्यामुळे पहिल्या हजारातला स्टॅक आणि ग्राइंडिंगच्या आदल्या दिवशीचा स्टॅक या दोन वेगळ्या मोटरी असतात. बर वाढली की ती शेजारच्या पत्र्याचं इन्सुलेशन भेदते. स्टॅक बाहेरून वेल्ड केलेला किंवा बॉडीत घट्ट बसवलेला असेल तर दुसऱ्या बाजूने मार्ग आधीच मिळालेला असतो, वळसा पूर्ण होतो आणि अनेक पत्र्यांतून एकच मोठा एडी करंट फिरू लागतो.

बॉडीचं निघालं म्हणून: अ‍ॅल्युमिनिअमची बॉडी तापवून स्टेटरवर बसवतात आणि थंड झाली की ती योकला परिघाच्या दिशेने दाबते. फ्लक्सही योकमध्ये त्याच दिशेने धावतो. फ्लक्सच्या दिशेतला दाब सिलिकॉन स्टीलला अजिबात मानवत नाही. वीस-तीस मेगापास्कल दाबही हिस्टेरेसिस ठळकपणे वाढवतो. थोडासा ओढणारा ताण उलट फायद्याचा असतो. बॉडीत बसवण्याआधी आणि नंतर, त्याच स्टेटरच्या योकवर तात्पुरते वेढे गुंडाळून लॉस मोजा. फरक लगेच समोर येतो.

दिशेचा प्रश्न मोटरसाठी लहान आहे, पण शून्य नाही. नॉन-ओरिएंटेड पत्र्यालाही रोलिंगच्या दिशेचा कल असतो, आणि एप्स्टीनचा आकडा दोन दिशांची सरासरी आहे. स्टॅक रचताना लॅमिनेशनचे गट ठरावीक कोनातून फिरवले की तो कल वाटला जातो आणि कॉगिंगही (रोटर अडखळत फिरणं) कमी होतं. ट्रान्सफॉर्मरची गोष्ट निराळी. नॉर्मन गॉसच्या १९३४ च्या पेटंटपासून सुरू झालेला सीआरजीओ (कोल्ड रोल्ड ग्रेन-ओरिएंटेड) पत्रा, जो भारतात नाशिक जिल्ह्यातही बनतो, त्याच्यात सगळे कण लाकडाच्या रेषांसारखे एका दिशेला लावलेले असतात. तिथे एका बी-एच कर्व्हवर काम भागत नाही आणि एम११०-२३एस मधला १.१० वॉटचा आकडा १.७ टेस्लाला, फक्त रोलिंगच्या दिशेने मोजलेला असतो. मोटरच्या एम४०० शी त्याची तुलना करू नका.

आता जाइल्स-अ‍ॅथर्टन. १९८० च्या दशकातलं हे मॉडेल पाच पॅरामीटरांवर चालतं आणि मेजर लूप देखणा काढतं. पण फील्ड उलटताना लगेच त्याची ससेप्टिबिलिटी (फील्डला मिळणारा चुंबकीय प्रतिसाद) ऋण होऊ शकते, ती हाताने शून्यावर धरावी लागते. छोटे लूप बंद होत नाहीत. आणि १.५ टेस्लाच्या लूपवर बसवलेले पॅरामीटर ०.८ टेस्लाचा लूप चुकवतात. प्रायझाखचं १९३५ चं मॉडेल लूप बंद करतं आणि जुना इतिहास योग्य रीतीने पुसतं, पण त्याला बरेच मोजलेले लूप द्यावे लागतात. ही मॉडेलं मी तिथे वापरतो जिथे रिमनन्सच (फील्ड गेल्यावर उरणारं चुंबकत्व) उत्तर ठरवतो: ट्रान्सफॉर्मरचा इनरश (जोडताक्षणी उसळणारा प्रवाह), फेरोरेझोनन्स, रिले न सुटणं, हिस्टेरेसिस मोटर. तुमच्या मोटरमध्ये एअर गॅप आणि मॅग्नेट आहेत. लोखंडाच्या लूपमुळे फ्लक्सचं वाटप जवळजवळ बदलत नाही. एकेरी बी-एच कर्व्हवर फील्ड सोडवून लॉस नंतर काढणं इथे पूर्ण योग्य आहे.

मग तुमच्या दुप्पटीचं नेमकं कारण कसं शोधायचं? मोटर समोर आहेच, तिलाच विचारा. मॅग्नेटाइज न केलेले मॅग्नेट बसवलेला रोटर त्याच बेअरिंगांत घाला आणि टॉर्क मीटरमधून वेगवेगळ्या वेगांना फिरवा. हा बेअरिंग आणि हवेचा लॉस. मग मॅग्नेटाइज केलेला रोटर घालून, टर्मिनल उघडी ठेवून, त्याच वेगांना आणि त्याच तापमानाला पुन्हा मोजा. वजाबाकी करा, प्रत्येक आकड्याला त्या वेगाच्या विद्युत फ्रिक्वेन्सीने भागा आणि मॉडेलच्या अशाच वक्राशेजारी मांडा. मोजलेला वक्र सगळीकडे सारख्याच अंतराने वर असेल, म्हणजे शून्य फ्रिक्वेन्सीच्या टोकालाही, तर वाढ हिस्टेरेसिसची आहे: कापलेल्या कडा आणि बॉडीचा दाब बघा. शून्याजवळ दोन्ही जुळत असतील आणि वेगाबरोबर अंतर सरळ रेषेत वाढत असेल तर वाढ एडी करंटची आहे: आधी तुमच्या मॉडेलमधला साइनचा समज तपासा, तो सुधारूनही अंतर उरलं तर बर, वेल्ड आणि मॅग्नेटमधले प्रवाह, या क्रमाने जा. वेल्ड न केलेला, नुसता बोल्टने धरलेला एक स्टॅक बनवून हीच चाचणी पुन्हा घेतली की वेल्डचा वाटा वेगळा निघतो. मॅग्नेट दोन-तीन तुकड्यांत कापून बसवले की त्यांचा.